पाच दिवस उजवा हात

नर्स केरळची होती. म्हणाली, तोडना पडेगा.
मी म्हटलं, बाई, तोडल्या नको म्हणू,
वाढवल्या म्हण.
तिला कळलं नाही. तिने रुमाल गुंडाळला
आणि सात हिरव्या बांगड्या
एका दाबात वाढवल्या.
तिथूनच आत शिरली ती तार,
मनगटातून, खांद्याच्या वळणावरून,
घरचं माणूस मागच्या दाराने येतं, तशी,
न विचारता.

आता घरी.
पाच दिवस उजव्या हाताने काही उचलायचं नाही.
पाणी भरपूर प्यायचं, आत सोडलेलं औषध निघून जाईपर्यंत.
मोरीतून बाहेर आले की यांचा आवाज अंगणातून,
"झाली का व साफ?"
शेजारच्या चंद्रकलाला ऐकू जाईल इतका.

हात उशीवर ठेवलेला असतो,
रुसलेल्या जावयासारखा.
दिवसाला चाळीस किलो कापूस वेचलेला हात,
बोंडांच्या टोकांनी नखांच्या कडा फाटलेला.
त्याला मुंग्या आल्या नव्हत्या. आल्या त्या डाव्याला,
आणि मला वाटलं, ओझ्यानं.

भाकर हे थापतात.
परातीजवळ बसले तर पीठ आधी मिशीला.
पहिली भाकर यवतमाळ जिल्ह्याच्या नकाशासारखी,
दुसरीला जिल्हाच नव्हता.
मीठ विसरले, मग म्हणाले,
"डॉक्टरनं नाईच सांगतलं न."
मी चावत राहिले.
वावरात माझ्याविना दुसरी वेचणी सुरू होती,
बायांचं हसणं वाऱ्यावर इथवर येत होतं.

चंद्रकला आली ती दारातच थबकली,
माझं उघडं मनगट बघून.
तिची नजर आधी खुंटीवरच्या यांच्या टोपीकडे गेली,
मग मोरीकडे. तिथं हे खाकरत होते.
तेव्हा कुठे ती बसली. "काय घाबरवतं व माय!"
आणि स्वतःच्या हातातल्या दोन काढून
माझ्या डाव्या हातात चढवल्या.
सैल आहेत. राहू दे.

रात्री डाव्या कुशीवर वळलं
की उशीत कोणीतरी मुसळ घालतं.
मी वळते. मुसळ थांबत नाही.
थांबू नये म्हणून मग पुन्हा त्याच कुशीवर.

तिसऱ्या दिवशी कागदांच्या पिशवीतून सीडी निघाली.
आमच्याकडे सीडी म्हणजे
ज्वारीत पोपटांसाठी टांगायची वस्तू.
हे दोरी शोधायला लागले.
मी म्हटलं, थांबा, त्यात मी आहे.

मग निकेशचं सेवा केंद्र, जिथं सातबारा निघतो.
रांगेत सहा जण. निकेश म्हणाला, काकू, आधी तुमचा.
पडद्यावर राखाडी धूर.
मग पाण्यात शाई सोडावी तसं
एक झाड उगवलं, एकही पान नसलेलं,
गदगदलं, आणि पुसलं गेलं.
पुन्हा उगवलं. पुन्हा पुसलं.
पीकविम्यासाठी आलेले पंजाबराव चष्मा वर करून म्हणाले,
"कोनाचं वावर होय हे?"
"बेबीनंदाचं," हे म्हणाले.
कोणी हसलं नाही.

निकेशने बाण एका फांदीवर नेला.
तिथं ती बारीक होती,
गाडीच्या चाकाखाली दबलेल्या नळीसारखी.
चाळीस टक्के, डॉक्टर म्हणाले होते.
गोळ्या घ्या. वाढलं तर या.

वाढलं तर.

हे खिशातून दहाची नोट काढू लागले,
निकेशने घेतली नाही.
घेतली असती तर बरं वाटलं असतं.

परत येताना यांनी माझा उजवा हात धरला.
सोसायटीच्या पायरीवरून, चक्कीवरून,
जिथं आम्ही नेहमी दहा पावलं मागंपुढं चालतो
त्या सगळ्या रस्त्याने.
दोन बोटं मनगटावरच्या पट्टीखाली.
मी म्हटलं, काय करून राह्यले?
"मोजून राह्यलो."
किती झाले?
"तू बोलली, चुकलो."

मग घरापर्यंत मी बोलले नाही.